जाळ जमिनीवर करू नका : अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

उजवा हात वर करून ज्यांनी या देशाची शपथ घेतली आणि ज्यांचं नाव इथल्या मतदारयादीत आहे, त्या मराठी माणसांना हे पत्र आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून उभे असलेल्यांकडे मी काहीच मागत नाही. त्या रांगेत असताना तोंड उघडायची भीती काय असते, ते मी स्वतः तेरा वर्षं अनुभवलं आहे. मागणं आपल्याकडे आहे, जे त्या रांगेतून सुखरूप बाहेर पडलो त्यांच्याकडे: या देशाच्या युद्धांबद्दल आपल्या प्रतिनिधींना विचारा.

मी मिनेसोटात, सेंट पॉलला राहते. आमच्या शेजारी एक ह्मोंग कुटुंब आहे, म्हणजे आग्नेय आशियातल्या लाओसच्या डोंगरांतल्या लोकांपैकी. घरातल्या आजींनी सत्तरी ओलांडली आहे. उन्हाळाभर त्यांच्या परसातली कारली, चवळीच्या शेंगा, भोपळ्याच्या वेलीचे कोवळे शेंडे आमच्या दाराशी येतात. आमच्याकडून थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं जातं. आजींना इंग्रजी येत नाही, मला ह्मोंग येत नाही. मध्ये त्यांची नात असते, नाहीतर नुसते हातवारे.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्याकडे दहा-बारा मराठी घरं जमली होती. इथे हुरडा कुठला मिळायला, म्हणून मक्याची कणसं भाजायचं ठरलं. नवऱ्यानं परसात वीतभर खड्डा केला, लाकडं रचली आणि जाळ पेटवला. पोरं भोवती उकिडवी बसली. तेवढ्यात शेजारच्या आजी सपाता घालून अक्षरशः धावत आल्या. त्यांनी आधी सगळ्यांत लहान पोराला दंडाला धरून मागे ओढलं, मग दुसऱ्याला. मोठमोठ्यानं काहीतरी बोलत होत्या आणि हात सारखा जमिनीकडे करत होत्या. आम्हाला वाटलं, धुराचा त्रास झाला असेल. मागून नात आली आणि तिनं सांगितलं, "आजी म्हणते, जाळ जमिनीवर करू नका. खाली काय आहे ते तुम्हाला माहीत नाही."

आम्ही जाळ विझवला आणि विटांवर लोखंडी शेगडी ठेवून कणसं भाजली. आजी शेवटपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

नंतर नातीकडून कळलं ते असं. आजी लाओसच्या उत्तरेतल्या शिएंग ख्वांग प्रांतातल्या. त्यांचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. शेताच्या कडेला बांबूचे कोंब उकडायला तो जाळ करायचा. त्याच जागी तीन दिवस जाळ केला. चौथ्या दिवशी खालची माती तापली आणि मातीतलं फुटलं. आजी तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी भावाला पाठुंगळी घेतलं, पण घरापर्यंत तो राहिला नाही.

मातीत जे होतं त्याला लाओसची माणसं "बॉम्बी" म्हणतात. टेनिसच्या चेंडूएवढा पोलादी गोळा, आत शेकडो छर्रे. मोठ्या पोलादी टरफलात असे सहाशेहून अधिक गोळे भरलेले असायचे. विमानातून टाकल्यावर ते टरफल हवेत उघडायचं आणि गोळे शेतांवर, वाटांवर, ओढ्यांत, घरांवर विखुरायचे. यालाच क्लस्टर बॉम्ब म्हणतात. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या केल्या. सरासरी काढली तर रात्रंदिवस, दर आठ मिनिटांनी एक विमान. २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. महाराष्ट्राच्या पाऊणपट आकाराचा देश, तेव्हाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. म्हणजे तान्ह्या लेकरांसकट माणशी पाऊण टन बॉम्ब. त्यात बॉम्बी किती, तर सुमारे २७ कोटी. त्यातल्या जवळपास आठ कोटी फुटल्याच नाहीत. त्या मातीत राहिल्या. युद्ध संपल्यानंतर, शांततेच्या काळात, या न फुटलेल्या दारूगोळ्यानं २० हजारांहून जास्त माणसं मारली किंवा जायबंदी केली. त्यात लहान मुलं फार, कारण मुलांना तो चेंडू वाटतो. बाकीच्यांचं कारण नांगर, कुदळ, किंवा चुलीचा जाळ.

मी लाओसला गेलेली नाही. पण आजींच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक मोठं भरतकाम आहे. गोधडीएवढं, निळ्या कापडावर. ह्मोंग बायका निर्वासितांच्या छावण्यांत बसून अशी कापडं भरायच्या. वरच्या कोपऱ्यात डोंगर, झोपड्या, डुकरं, कोंबड्या. मधोमध विमानं आणि त्यातून पडणारे ठिपके. खालून आडवी मेकाँग नदी, तिच्यात बांबूच्या तराफ्यावर आणि फुगवलेल्या ट्यूबवर पोहणारी माणसं, पलीकडे थायलंडचे हिरव्या कपड्यातले शिपाई. मी एकदा ते ठिपके बोटानं मोजायला लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे गाठ मारून घातलेला एक टाका. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी शिवतात, तिच्यात तिच्या संसाराच्या खुणा असतात. या आजींच्या कापडात आपल्या देशाची विमानं आहेत.

"आपल्या देशाची" हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण हे सगळं सांगितलं की आपली माणसं म्हणतात, "हे त्यांचं जुनं युद्ध, आपण तेव्हा इथे नव्हतो." खरं आहे. १९६९ साली माझा जन्मही झालेला नव्हता. पण शपथ घेताना आपण या देशाचं फक्त पुढचं उत्पन्न घेतलं आणि मागचं देणं नाकारलं, असं होत नाही. घर वारसाहक्कानं घेतलं की त्याच्यावरचं कर्जही येतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला लागू नये.

आणि हे युद्ध लपवलं कसं गेलं, ते आपण समजून घ्यायला हवं, कारण तिथेच आजचा प्रश्न आहे. १९६२ च्या जिनिव्हा करारात लाओस तटस्थ राहील असं ठरलं आणि अमेरिकेनंही त्यावर सही केली. उघडपणे सैन्य पाठवता येईना, म्हणून काम सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडे गेलं. लाँग चेंगच्या दरीत गुप्त विमानतळ झाला. ह्मोंग माणसांची फौज उभी केली, आणि मोठी माणसं मेली तशी त्या फौजेत मिसरूड न फुटलेली पोरं भरली. दक्षिणेत हो ची मिन्ह मार्ग, म्हणजे उत्तर व्हिएतनामची दक्षिणेकडे रसद नेणारी वाट, तोडायचा म्हणून बॉम्ब, उत्तरेत लाओसमधल्या कम्युनिस्टांना हटवायचं म्हणून बॉम्ब. १९६८ च्या नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबली, तेव्हा ती विमानं लाओसकडे वळली. पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीपुढे लाओसमधल्या अमेरिकी वकिलातीतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याचं कारण सांगितलं: इतकी विमानं होती, ती नुसती बसवून ठेवता येईनात. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आजींचा भाऊ त्याच सुमारास गेला.

सिनेटर सायमिंग्टन यांच्या समितीनं १९६९ च्या ऑक्टोबरात बंद दाराआड ही चौकशी केली. त्याआधी पाच वर्षं काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, मोजक्या लोकांना कल्पना होती, देशाला नव्हती. ज्यांच्या करातून बॉम्ब विकत घेतले जात होते, त्यांना ते कुठे पडतात हे कोणी सांगितलं नाही. युद्धाची घोषणा नाही, त्यावर मतदान नाही.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी आपण शंभर प्रश्नांची यादी घोकली. त्यात केंद्र सरकारचा एखादा अधिकार सांगा, असा प्रश्न होता. मी पाठ केलेलं उत्तर होतं, युद्ध पुकारणे. राज्यघटनेच्या पहिल्या कलमात, आठव्या उपकलमात हा अधिकार काँग्रेसला दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही. तो काँग्रेसनं शेवटचा कधी वापरला, तर १९४२ साली, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, इराक, अफगाणिस्तान, लिबिया, येमेन, यांपैकी एकाही ठिकाणी युद्धाची घोषणा झाली नाही. लाओसवरची बॉम्बफेक थांबल्यावर, १९७३ च्या नोव्हेंबरात, काँग्रेसनं निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकाराचा कायदा केला. ४८ तासांत काँग्रेसला कळवा, संमती मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबा. कायदा चांगला आहे. पण दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यातून वाटा काढल्या आणि काँग्रेसनं काढू दिल्या. २०११ मध्ये लिबियावर विमानं जात होती, तेव्हा ओबामा सरकारनं सांगितलं की कायद्यात ज्याला शत्रुत्वाची कारवाई म्हणतात, ती ही नव्हेच. २०२५ च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी काँग्रेसला न विचारता इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि त्यानंतर आणलेला अंकुशाचा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला.

मी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देते. म्हणून मला याचं जास्त वाईट वाटतं की २०२३ च्या जुलैत युक्रेनला क्लस्टर बॉम्ब देण्याचा निर्णय बायडेन यांनी घेतला. रशियाचं आक्रमण अन्यायाचं आहे, रशिया तिथे हीच शस्त्रं वापरतो, युक्रेननं स्वतःहून ती मागितली, हे सगळं मला मान्य आहे. तरीही युक्रेनच्या शेतांत उद्या ज्यांची मुलं मका भाजतील, त्यांच्या मातीत आपण आज काय पेरतो आहोत, हे ठाऊक असलेला देश अमेरिकेइतका दुसरा कुठला? २००८ साली या शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. शंभरहून अधिक देश त्यात आहेत. लाओस तर पहिल्यापासून आहे, करारातल्या देशांची पहिली बैठकच लाओसच्या राजधानीत, व्हिएन्टिनला झाली. अमेरिका नाही. रशिया, चीन नाहीत. भारत आणि पाकिस्तानही नाहीत, आणि भारतातल्या माझ्या भाचरांना मी हेच सांगते की तिथे तुम्ही विचारा. इथे विचारण्याचं काम आपलं.

आता थोडं कटू वाटेल असं लिहिते. २०२५ च्या सप्टेंबरातला तो शुक्रवार आठवा. राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीनं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क बसलं. घटाला घरी गेलेली मुलं रातोरात परतीची तिकिटं शोधत होती. आपले सगळे व्हॉट्सॲप गट रात्रभर जागे होते. सोमवारी आपण प्रतिनिधींच्या कार्यालयांत इतके फोन केले की लाइन लागत नव्हती. मीही केला. योग्यच केलं. आपल्याला तेव्हा काय म्हणायचं होतं? की एवढा मोठा निर्णय, हजारो घरांवर परिणाम करणारा, एका माणसानं काँग्रेसला न विचारता एका संध्याकाळी घ्यायचा नसतो.

पण ती लेखणी त्या शुक्रवारी पहिल्यांदा उचलली नव्हती. त्याच वर्षी २४ जानेवारीच्या सुमारास परदेशी मदत गोठवली गेली, तेव्हा जगभर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढणाऱ्या अमेरिकी कार्यक्रमांनाही काम थांबवायला सांगितलं. ज्यांनी आयुष्यभर हातात धातुशोधक धरून, दोरीनं आखलेल्या पट्ट्यात एक एक हात जमीन तपासली, ती माणसं घरी बसली. ४ जूनला निघालेल्या प्रवासबंदीच्या यादीत लाओस होता: तिथल्या नागरिकांना स्थलांतराचे, पर्यटनाचे, शिक्षणाचे व्हिसा बंद. आणि त्या उन्हाळ्यात ह्मोंग निर्वासितांना, लहानपणी छावणीतून इथे आलेल्यांना, जुन्या गुन्ह्यांची शिक्षा भोगून वर्षं लोटल्यावर लाओसला पाठवायला सुरुवात झाली. त्यातल्या काहींनी लाओस कधी पाहिलेलाही नव्हता. ज्यांचे बाप आपल्या सीआयएसाठी लढले म्हणून त्यांना तो देश सोडावा लागला, त्यांना त्याच देशात परत.

यातल्या एकाही बातमीवर आपल्या गटांत चार ओळी आल्या नाहीत. मीही टाकल्या नाहीत. शेजारच्या आजींच्या दाराला त्या दिवसांत आतून साखळी असायची, आणि मी काही आठवडे ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. हे पत्र लिहायला मला इतका उशीर झाला, त्याचं कारण तेच आहे.

आपण थोडे आहोत, आपल्याला कोण विचारतो, असं म्हणू नका. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेले. आपल्या मंडळांच्या दिवाळीला आणि गणपतीला प्रतिनिधी येतात, आरती होईपर्यंत थांबतात, शाल-श्रीफळ घेतात, आपल्यासोबत फोटो काढतात. ते आपल्याकडे मतं आणि देणग्या मागायला येतात आणि आपण त्यांच्याकडे फक्त व्हिसा मागतो. त्या मंचावर एखाद्यानं उठून विचारावं, "क्लस्टर बॉम्ब दुसऱ्या देशांना देऊ नयेत, या विधेयकातल्या दुरुस्तीवर तुम्ही काय मत दिलंत?" अशा दुरुस्त्या २०२३ आणि २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात आल्या आणि पडल्या. प्रत्येक सदस्याचं मत नोंदलेलं आहे, कोणालाही पाहता येतं. आपण पाहतच नाही.

एकट्याच्या मताला किंमत नसते असंही नाही. २००१ च्या सप्टेंबरात, हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, राष्ट्राध्यक्षाला बळाच्या वापराची मुभा देणारा ठराव आला. प्रतिनिधिगृहात ४२० जण बाजूनं होते आणि एकट्या बार्बरा ली विरोधात. त्यांना धमक्या आल्या, पोलिसांचा पहारा लागला. त्या म्हणाल्या होत्या ते पुढे घडलं: तो ठराव पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी देशोदेशीच्या कारवायांसाठी वापरला. आमच्या मिनेसोटाचे सिनेटर पॉल वेलस्टोन २००२ च्या ऑक्टोबरात चुरशीची निवडणूक लढवत होते. इराक युद्धाविरुद्ध मत दिलं तर जागा जाईल, असं त्यांना जो तो सांगत होता. त्यांनी विरोधातच मत दिलं. दोनच आठवड्यांनी विमान अपघातात ते गेले. सेंट पॉलमधली म्हातारी माणसं आजही त्यांच्याबद्दल घरातल्या माणसासारखी बोलतात.

मग मागते काय? लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममधले बॉम्ब काढायला दरवर्षी जो पैसा मंजूर होतो, तो वाढावा आणि मध्येच अडवला जाऊ नये. २०१६ मध्ये ओबामा व्हिएन्टिनला गेले, लाओसला जाणारे ते पहिले पदस्थ अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. तिथे त्यांनी हे आपलं नैतिक कर्तव्य आहे असं सांगून तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलर जाहीर केले. त्याआधीच्या वीस वर्षांत मिळून जेवढं दिलं, जवळपास तेवढं. ते कर्तव्य तीन वर्षांत संपलेलं नाही. दुसरं, क्लस्टर बॉम्ब कोणालाही देऊ नयेत, आणि आपणही तो करार स्वीकारावा. तिसरं, युद्धावर मतदान आधी व्हावं. बॉम्ब पडून गेल्यावर निषेधाचं पत्रक काढणारे प्रतिनिधी मला नको आहेत. आणि ह्मोंग शेजाऱ्यांची ही पाठवणी थांबावी.

फोन कसा करायचा ते सांगते, कारण मलाही पहिल्यांदा घाम फुटला होता. कॅपिटॉलच्या स्विचबोर्डचा नंबर २०२-२२४-३१२१. आपल्या प्रतिनिधीचं किंवा सिनेटरचं नाव सांगा, ते जोडून देतात. पलीकडे बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचं पोर असतं. ते आपलं नाव आणि पिनकोड विचारतं, म्हणजे आपण त्यांच्याच मतदारसंघातले आहोत हे कळतं. मग दोन वाक्यांत काय हवं ते सांगायचं. ते वाद घालत नाहीत, टिपून घेतात, कोणत्या विषयावर किती फोन आले ते मोजतात. उच्चार आपले मराठी वळणाचे असले तरी काही बिघडत नाही. दोन मिनिटं लागतात. व्हिसासाठी केलात तेव्हाही तेवढीच लागली होती.

ज्यांना एकट्यानं करायला संकोच वाटतो, त्यांनी सेंट पॉलला माझ्याकडे यावं. रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पत्रं लिहू, सोमवारी सकाळी फोन करू. शेजारच्या आजींना मी विचारलं आहे. त्या येऊन बसणार आहेत आणि येताना भिंतीवरचं ते कापड आणणार आहेत.

आपली,
सेंट पॉलमधली एक मराठी मतदार